काठावरची माणसे

काठावर बसून गंमत पाहणाऱ्या माणसाविषयी आदराने बोलण्याची आपल्या भाषेत रीत नाही. पाण्यात उतरतो तो पुरुषार्थी आणि काठावर उभा राहतो तो बघ्या, असा आपला सरळ हिशोब असतो. आज ज्या शर्यतीची हकीकत आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत, तिचा विचार करू लागल्यावर हा हिशोब पुन्हा एकदा तपासून पाहावा असे आम्हांला वाटू लागले. शर्यत लहान होड्यांची आहे; परंतु आमचे लक्ष आज होड्यांपेक्षा किनाऱ्याकडे अधिक राहील.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, पोर्ट टाउनसेंड नावाचे एक जुने बंदर आहे. तेथे १९७७ पासून लाकडी होड्यांची जत्रा भरत आली. त्याच गावातील नॉर्थवेस्ट मेरिटाइम सेंटर या संस्थेने २०१५ च्या जून महिन्यात एक शर्यत सुरू केली. पोर्ट टाउनसेंडहून निघायचे, कॅनडाचा सारा पश्चिम किनारा ओलांडायचा आणि अलास्कातील केचिकॅन या गावी पोहोचायचे. अंतर साडेसातशे मैल, म्हणजे सुमारे १,२०० किलोमीटर. पहिला टप्पा चाळीस मैलांचा, व्हिक्टोरिया बंदरापर्यंत. तो ३६ तासांत पुरा करील त्यालाच पुढे जाण्याची मुभा.

नियम दोनच. होडीला इंजिन असता कामा नये आणि पूर्वी ठरवून ठेवलेली मदत घेता कामा नये. शीड लावा, वल्ही मारा, पायाने पंखा फिरवा. वारा आणि अंगातले बळ यांवर जे चालेल ते चालवा. पहिल्या क्रमांकास दहा हजार डॉलर रोख आणि दुसऱ्यास मांस कापण्याच्या सुऱ्यांचा एक संच! तिसऱ्यापासून पुढे काहीच नाही. बक्षिसांच्या या थट्टेवरूनच ध्यानात येईल की, लोक या शर्यतीत उतरतात ते धनासाठी नव्हे.

पहिल्या वर्षी विजयी होडीला पाच दिवस आणि सुमारे दोन तास लागले. २०१६ मध्ये एका शीघ्रगती जोडहोडीने हेच अंतर चार दिवसांच्या आत तोडले. २०१८ मध्ये केवळ स्त्रियांच्या एका तुकडीने शर्यत जिंकली. वारा पडला की त्या पायाने पंखा फिरवून होडी पुढे काढीत. आणि २०१७ मध्ये कार्ल क्रूगर नावाच्या गृहस्थाने एका फळीवर उभे राहून, हातातील एका वल्ह्याच्या बळावर, चौदा दिवसांत केचिकॅन गाठले. पुष्कळांची शर्यत मात्र मध्येच सुटते. कोणाची डोलकाठी मोडते, कोणाचे हात सुजतात, कोणी थंडीने गारठतो. पाणी इतके थंड की त्यात पडलेला माणूस थोड्याच वेळात हातपाय हलवू शकत नाही.

आता किनाऱ्याकडे वळू. प्रत्येक होडीवर एक लहानसे यंत्र असते. ते उपग्रहामार्फत होडीचा ठावठिकाणा कळवीत राहते आणि जगात कोठेही बसलेल्या माणसाला पडद्यावरच्या नकाशावर एक ठिपका सरकताना दिसतो. वाटेवरच्या गावांतले लोक धक्क्यावर येतात, दुर्बिणी लावतात, शीड ओळखतात. बाकीचे आमच्यासारखे, रात्री निजण्यापूर्वी ठिपका कोठे आहे ते पाहतात आणि सकाळी उठल्याबरोबर पुन्हा पाहतात. एखादा ठिपका चार तास जागचा हलला नाही की जीव टांगणीला लागतो. माणसे निजली असतील, ओहोटीची वाट पाहत असतील, की होडी उलटली असेल? ठिपका जागा सांगतो, अवस्था सांगत नाही. २०२२ च्या पहिल्याच टप्प्यात जुआन दे फुका सामुद्रधुनीत वाऱ्याने होड्या उलटल्या आणि माणसांना पाण्यातून काढावे लागले. अशा वेळी नकाशासमोर बसलेल्याचा उपयोग शून्य. उपयोग असतो तो जवळच्या किनाऱ्याचा.

येथे शर्यतीच्या दुसऱ्या नियमाकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. तो नियम मदतच घेऊ नका असे म्हणत नाही. पूर्वी ठरवलेली घेऊ नका असे म्हणतो. वाटेतल्या गावात उतरावे, दुकानातून शिधा घ्यावा, कोणी अनोळखी माणसाने आपण होऊन तुटलेले सुकाणू सांधून दिले तर आभार मानून पुढे जावे, याला हरकत नाही. म्हणजे ‘स्वावलंबी’ म्हणवणारी ही शर्यत एका गोष्टीवर भिस्त ठेवून आहे. काठावर माणसे असतील आणि ती बरी वागतील, ही ती गोष्ट. हा भरवसा कोठून आला? त्यासाठी या पाण्याचा इतिहास चाळावा लागतो आणि तो सर्वच काही सुखावह नाही.

हा किनारा सरळ नाही. हजारो बेटे, त्यांच्यामधून नागमोडी जाणारे अरुंद जलमार्ग आणि डोंगरांच्या पोटात मैलोगणती शिरलेल्या खाड्या असे त्याचे रूप आहे. येथे मोठे जहाज बावरते, लहान होडी रमते. हैडा, हाइल्टसुक, त्लिंगिट आदी लोक सीडर वृक्षाचा अखंड ओंडका कोरून लांबलचक होड्या घडवीत आणि त्यांतून शेकडो मैलांचा प्रवास करीत. हा जलमार्ग त्यांचा हमरस्ता होता.

१७९२ च्या एप्रिलअखेर इंग्रज कप्तान जॉर्ज व्हँकुव्हर ‘डिस्कव्हरी’ आणि ‘चॅटम’ ही दोन जहाजे घेऊन या पाण्यात शिरला. अटलांटिककडे जाणारी वाट येथे कोठे आहे काय, याचा छडा त्याला लावायचा होता. जहाजे खाड्यांत नेणे अशक्य, हे त्याला लवकरच उमगले. ती नांगरून ठेवायची आणि वल्ह्यांच्या उघड्या होड्यांतून माणसे पाठवायची, अशी रीत त्याने घातली. तीन उन्हाळे हे काम चालले. ज्या बंदरातून आपली शर्यत निघते त्याला टाउनसेंड हे नाव त्यानेच दिलेले आहे. १७९३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तो स्वतः होडीत बसून निघाला आणि तेवीस दिवसांत सातशे मैलांहून अधिक अंतर वल्हवून परतला. ज्या बेटाला त्या फेरीत वळसा घातला, त्याच बेटावर आज केचिकॅन वसलेले आहे. अंतर जवळजवळ तेच आणि होड्याही तशाच लहान!

परंतु किनाऱ्याशी असलेले नाते निराळे होते. त्याच उन्हाळ्यात, १५ जून १७९३ रोजी, जॉन कार्टर नावाचा खलाशी विषारी शिंपले खाऊन दगावला. कोणत्या काळात शिंपले खाऊ नयेत हे किनाऱ्यावरच्या लोकांना ठाऊक होते, पाहुण्यांना नव्हते. पुढे ऑगस्टात त्लिंगिट लोकांशी चकमक उडाली आणि व्हँकुव्हरची दोन माणसे जखमी झाली. इंग्रजांच्या नकाशावर त्यानंतर त्या जागेला ‘दगलबाजांची खाडी’ अशा अर्थाचे नाव पडले. किनाऱ्यावरच्या लोकांनी परवानगी न मागता घुसणाऱ्या त्या होड्यांना काय नाव ठेवले असेल, ते नकाशात लिहिलेले नाही. इतिहास पाहणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे की, नकाशा हा नेहमी होडीत बसलेल्याने काढलेला असतो.

याहून दारुण प्रसंग पुढे आहे. १८६२ च्या वसंत ऋतूत सॅन फ्रान्सिस्कोहून आलेल्या एका आगबोटीबरोबर व्हिक्टोरियाला देवीची साथ आली. व्यापारासाठी उत्तरेकडून आलेले आदिवासी शेकडोंच्या संख्येने गावाबाहेर तळ देऊन होते. त्यांच्यात रोग फैलावला. शहराजवळ उपचार आणि विलगीकरण करण्याऐवजी अधिकाऱ्यांनी पोलिस पाठवून तळ उठवले, झोपड्या जाळल्या आणि त्यांच्या होड्यांना लढाऊ बोटींच्या मागे दोर बांधून त्यांना उत्तरेकडे ओढत नेऊन सोडले. आजारी माणसे वल्ही मारीत घरी निघाली आणि जेथे जेथे मुक्काम पडला तेथे तेथे साथ उतरली. किनाऱ्यावरील आदिवासींपैकी निम्म्याच्या आसपास लोक या साथीत गेले असा अंदाज आहे. कित्येक गावे कायमची ओस पडली. श्रोतेहो, शर्यतीतील होड्या ज्या व्हिक्टोरियातून उत्तरेकडे सुटतात तेच हे बंदर आणि तीच ही वाट. त्या वर्षी काठावरच्या माणसांनी पाण्यातल्या माणसांकडे पाठ फिरवली होती.

काठावरून पाहण्याचा आणखी एक प्रकार याच वाटेवर घडला. कॅम्पबेल रिव्हर गावाजवळ सेमूर नॅरोज नावाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे. भरती-ओहोटीचे पाणी तिच्यातून ताशी पंधरा नॉटपर्यंत, म्हणजे सुमारे अठ्ठावीस किलोमीटर वेगाने धावते. वल्हवणारा कितीही बळकट असो, उलट्या प्रवाहात तो मागेच जाणार. म्हणून शर्यतीतले लोक वेळापत्रक हाती धरून पाणी स्थिर होण्याची वाट पाहतात. पूर्वी या सामुद्रधुनीच्या ऐन मध्यभागी रिपल रॉक नावाचा दोन सुळ्यांचा खडक पाण्याखाली दडलेला होता. त्याने शंभराहून अधिक जहाजांना तडाखा दिला आणि शंभराहून अधिक माणसांचे प्राण घेतले. शेवटी शेजारच्या बेटावरून समुद्रतळाखाली बोगदा खणून, खडकाच्या पोटात सुरुंग भरून, ५ एप्रिल १९५८ रोजी तो उडवण्यात आला. कॅनडाच्या दूरचित्रवाणीवर तो स्फोट देशभर प्रत्यक्ष दाखवला गेला. लाखो लोकांनी काठावर न येता किनारा पाहिला. नकाशावरच्या आजच्या ठिपक्याचा पूर्वज तोच म्हणावा लागेल.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या पाण्यावर आणखी एक गोष्ट घडली, आणि आमच्या मते ती शर्यतीपेक्षा मोठी आहे. बेला बेला येथील हाइल्टसुक लोकांनी सीडरची जुन्या पद्धतीची होडी पुन्हा घडवली आणि १९८६ मध्ये ती वल्हवीत व्हँकुव्हर शहरातील जागतिक प्रदर्शनाला नेली. १९८९ मध्ये अनेक जमातींच्या होड्या सिएटलला गेल्या. तेथे मिळालेल्या आमंत्रणावरून १९९३ मध्ये त्या बेला बेलाला जमल्या. तेव्हापासून या जलयात्रांची परंपरा पुन्हा रुजली. तिच्यात एक शिष्टाचार कटाक्षाने पाळतात. होडी थेट किनाऱ्याला लागत नाही. ती थोड्या अंतरावर थांबते. तिच्यातला एक जण उभा राहून सांगतो की आम्ही अमुक लोक, अमुक ठिकाणाहून आलो, थकलो आहोत, आपल्या भूमीवर उतरण्याची अनुज्ञा असावी. काठावरचा प्रमुख त्यांचे स्वागत करतो, मगच होडी वाळूला लागते. शंभर नकाशे काढूनही जे व्हँकुव्हरला साधले नाही ते या चार वाक्यांत आहे. शर्यतीच्या पहिल्या वर्षांत बेला बेलावरून जाणे सर्व होड्यांना बंधनकारक होते, हा योगही लक्षात घेण्याजोगा आहे.

आता शेवटचा दाखला. २२ मार्च २००६ च्या मध्यरात्री ‘क्वीन ऑफ द नॉर्थ’ ही मोठी प्रवासी बोट याच जलमार्गाने दक्षिणेकडे येत असताना वळण चुकली आणि गिल बेटाच्या खडकावर आदळली. बोटीवर १०१ माणसे होती. जवळच हार्टली बे हे गिटगाट लोकांचे, दोनएकशे वस्तीचे गाव आहे. बिनतारी संदेश ऐकताच गावातले लोक अंथरुणातून उठले आणि आपल्या मासेमारीच्या लहान होड्या घेऊन काळोखात, पाऊसवाऱ्यात निघाले. मागे राहिलेल्यांनी घोंगड्या गोळा केल्या, कॉफी उकळली, गावाचे सभागृह उघडले. बोट तासाभरानंतर बुडाली. दोन माणसे सापडली नाहीत, नव्याण्णव वाचली. कोण कोठला, कोणत्या जातीचा, कोणत्या कामास निघालेला, हे कोणी विचारले नाही. याच किनाऱ्यावरच्या लोकांच्या पूर्वजांना १८६२ मध्ये दोर बांधून हाकलण्यात आले होते. त्यांनी तो हिशोब त्या रात्री काढला नाही.

या तीन किनाऱ्यांचा एकत्र विचार करावा. एका किनाऱ्याने आजाऱ्यांना पाण्यात लोटले, दुसऱ्याने खडकाचा स्फोट घरबसल्या पाहिला, तिसरा होड्या घेऊन पाण्यात उतरला. समुद्र तोच, भरती-ओहोटी तीच. फरक पडला तो काठावरच्या माणसांमुळे. शर्यतीत उतरणाऱ्याच्या धैर्याचे आम्हांला कौतुक आहेच. तथापि ‘मला कोणाची मदत नको’ असे म्हणून तो निघतो तेव्हा हार्टली बेसारख्या गावांचे जागरण त्याने गृहीत धरलेले असते. एकट्याच्या साहसामागे अनेकांचे शेजारधर्माचे ऋण असते आणि ते कोणत्याही निकालपत्रकात नोंदवले जात नाही.

केचिकॅनच्या धक्क्यावर एक घंटा टांगलेली असते. येणाऱ्या प्रत्येक होडीने ती वाजवायची असा प्रघात आहे. पहिला येवो की पंधरा दिवसांनी शेवटचा येवो, पहाटे येवो की मध्यरात्री, गावातले कोणी ना कोणी धक्क्यावर असते. नकाशावरचा ठिपका पाहून ते आधीच घर सोडून निघालेले असते. हातात काही खायला असते, पाठीवर टाकायला कांबळे असते. ज्याच्या पाहण्याच्या शेवटी पाऊल उचलले जाते तो बघ्या नव्हे. पाण्यातल्याइतकाच तोही त्या प्रवासाचा भागीदार आहे, आणि इतिहासाने त्याचेही नाव लिहून ठेवावे, एवढेच आमचे मागणे आहे.