पॉवर बटणाची कुळकथा

परदेशात पीएचडी केली की दोन गोष्टी आपोआप होतात. नातेवाईक तब्येतीच्या तक्रारी सांगू लागतात ("तू डॉक्टर ना?") आणि ओळखीत कोणाचाही कॉम्प्युटर रुसला की फोन आपल्याकडे येतो. पहिल्या बाबतीत मी सरळ हात वर करतो. दुसऱ्या बाबतीत नाही म्हणवत नाही. त्यातही एक प्रकार माझ्या खास आवडीचा: सुटे भाग आणून स्वतः जोडलेला कोरा करकरीत डेस्कटॉप, आणि बटण दाबल्यावर... काहीच नाही. दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही.

अशा वेळी माणूस हवालदिल होतो. "बोर्डच खराब आला" असं म्हणून वस्तू परत पाठवायच्या तयारीला लागतो. खरं तर बऱ्याचदा सगळे भाग ठणठणीत असतात. मशीन सुरू का होत नाही याचं उत्तर पॉवर बटणाच्या इतिहासात असतं. तर मंडळी, आज तोच इतिहास.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने पहिला पीसी बाजारात आणला. त्याच्या उजव्या बाजूला, मागच्या अंगाला, एक भला मोठा लाल खटका होता. वर केला की चालू, खाली केला की बंद. आपल्या घरातल्या दिव्याच्या बटणासारखाच, थेट भिंतीतली वीज तोडणारा आणि जोडणारा. आतला पॉवर सप्लाय जेमतेम ६३.५ वॅटचा. खटका टाकूनही मशीन लागलं नाही, तर शोधायला जागाही फार नव्हत्या.

१९८४ मध्ये आयबीएमचा पीसी एटी आला आणि मग त्याच्या नकला जगभर तयार होऊ लागल्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन मशीन 'असेंबल' करून घेतलेले वाचक इथे नक्की असतील. पुढे या मशीनमध्ये खटका दर्शनी भागावर आला, पण होता तो खराच खटका. म्हणजे २३० व्होल्टची जाड केबल कॅबिनेटच्या पोटातून पुढपर्यंत आणलेली असे! बोर्डाला वीज देणारे दोन कनेक्टर असत, पी८ आणि पी९. ते शेजारी शेजारी लावायचे, आणि उलटसुलट लागले तर बोर्डाची राख. म्हणून मंत्र एकच: काळ्या वायरी मधोमध, एकमेकींना चिकटून.

हे मशीन स्वतःहून बंद होऊ शकत नसे. विंडोज ९५ 'शट डाऊन' केलं की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं येत: आता बंद करायला हरकत नाही. मग आपण उठून खटका पाडायचा.

याला अपवाद होते. ॲपलच्या १९८३ च्या लिसाचं बटण दाबलं की ती आधी उघडी कागदपत्रं जपून ठेवी आणि मग स्वतःच निजे. पीसीच्या दुनियेत हे यायला १९९५ उजाडलं. त्या वर्षी इंटेलने एटीएक्स नावाचं मानक आणलं आणि खटक्याचं राज्य संपलं.

एटीएक्सने नेमकं काय केलं? समोरचं बटण हुकूम देईनासं झालं, अर्ज करू लागलं. बटण दाबलं की बोर्डावरच्या दोन बारीक पिना क्षणभर जोडल्या जातात, एवढंच. हा अर्ज बोर्ड वाचतो. पण बोर्ड जागा कसा? तर पॉवर सप्लाय भिंतीला जोडलेला असेपर्यंत एका जांभळ्या वायरीतून ५ व्होल्टचा छोटा प्रवाह सतत देत राहतो, मशीन 'बंद' असतानाही. अर्ज मान्य झाला की बोर्ड हिरवी वायर शून्य व्होल्टवर ओढतो. मग पॉवर सप्लाय खरा जागा होतो, आपले सगळे व्होल्टेज तपासतो, आणि ठीक असले तर अर्ध्या सेकंदाच्या आत करड्या वायरीवरून "सगळं ठीक" असा निरोप देतो. त्यानंतरच प्रोसेसर कामाला लागतो. सरकारी कचेरीत फाईल फिरते तसं. कुठल्याही एका टेबलावर अडली तरी बाहेर उभ्या माणसाला एकच दिसतं: काही होत नाही.

पाच वर्षांनी आणखी एक टेबल वाढलं. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आला आणि त्याची भूक मोठी होती. समजा प्रोसेसरला ५५ वॅट हवेत. ५ व्होल्टवर त्यासाठी ११ अँपिअर लागतात, १२ व्होल्टवर साडेचारच्या आसपास. वायरीत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे त्याच वायरीत हा फरक जवळजवळ सहापट! म्हणून प्रोसेसरशेजारी १२ व्होल्टचा स्वतंत्र चार पिनांचा कनेक्टर आला. पुढे तोच बहुतेक बोर्डांवर आठ पिनांचा झाला. मुख्य कनेक्टरही २००३ मध्ये २० पिनांवरून २४ वर गेला.

हे सगळं सांगायचं कारण असं. आमच्या ओळखीतल्या एका मराठी विद्यार्थ्याने असिस्टंटशिपच्या पैशांतून महिनोन्‌महिने साठवून असं मशीन जोडलं. प्रबंधाची गणितं त्यावर चालवायची होती. मशीन मुकं, आणि बोर्ड परत करायची मुदत दोन दिवसांवर. खोका पुन्हा भरूनही झाला होता. मी म्हटलं, थांब, आपण सनावळीप्रमाणे जाऊ.

१९८१: भिंतीत वीज आहे का, पॉवर सप्लायच्या मागचा खटका चालू आहे का? आहे. १९९५: बोर्डावरचा छोटा दिवा लागलाय का? लागलाय, म्हणजे जांभळी वायर जिवंत आहे. मग अर्ज पोचतोय का? बटणाची वायर काढली आणि पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवलं. पंखे फिरले! बटणाची वायर एक घर चुकून लागली होती. तिथली अक्षरं मुंगीएवढी, दोष कोणाला देणार? पण पडदा अजून काळाच. मग २०००: प्रोसेसरच्या कोपऱ्यातला आठ पिनांचा कनेक्टर रिकामा, आणि त्याची केबल बोर्डामागे लपलेली. ती लावली. बोर्ड वाचला, मुदतही चुकली नाही.

आपल्यासारख्या देश बदलणाऱ्यांसाठी आणखी एक टेबल आहे. जुन्या पॉवर सप्लायच्या मागे ११५ आणि २३० असा लाल सरकता खटका असे. भारतातून २३० वर ठेवून आणलेला सप्लाय अमेरिकेच्या १२० व्होल्टवर सहसा उठतच नाही. उलट ११५ वर ठेवलेला भारतात लावला तर धडाम! आजच्या बहुतेक चांगल्या सप्लायना दोन्ही चालतात.

अर्जाच्या या सोयीची किंमतही आहे. 'बंद' मशीन पूर्ण बंद नसतं, थोडी वीज पीतच राहतं. एकाचं काही नाही, पण कोट्यवधींचं मिळून होतं. म्हणूनच आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये अशी सुप्त वीज एका वॅटवर आणायचा प्रस्ताव मांडला, आणि २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी अमेरिकी सरकारी खरेदीला तशी अट घातली. मशीनमध्ये हात घालण्याआधी मागचा खटका बंद करून केबल काढायची, तीही याच कारणाने.

थोडक्यात काय, नवं मशीन लागलं नाही तर लगेच परतीचा खोका बांधू नका. आधी फाईल कुठल्या टेबलावर अडली आहे ते बघा. आणि तरीही नाहीच जमलं तर फोन करा. तब्येतीचं मात्र खऱ्या डॉक्टरांनाच विचारा!