एकदिवसीय क्रिकेटचे विक्रम व अहिल्यानगरचे दोन खेळाडू

अहिल्यानगर जिल्ह्याचें, म्हणजे २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचें नांव निघालें, कीं चांदबिबी, भुईकोट किल्ला, शिर्डी आणि सहकारी साखर कारखाने ह्यांचें स्मरण होतें. क्रिकेटचें स्मरण सहसा कोणास होत नाहीं. परंतु ह्याच जिल्ह्यांत श्रीरामपूर येथें ७ ऑक्टोबर १९७८ रोजीं झहीर खान ह्यांचा, आणि संगमनेर तालुक्यांतील आश्वी खुर्द ह्या गांवीं ६ जून १९८८ रोजीं अजिंक्य रहाणे ह्यांचा जन्म झाला. पहिले डावखुरे जलद गोलंदाज, दुसरे उजव्या हाताचे फलंदाज. ह्या दोघांच्या खेळाचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडले, तर एकदिवसीय क्रिकेटमध्यें विक्रम कशास म्हणावें, आणि व्यक्तीचा पराक्रम व संघाचें यश ह्यांचें नातें काय, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

हा खेळ पावसाच्या कृपेनें जन्मास आला असें म्हणण्यास हरकत नाहीं. मेलबर्न येथील कसोटी सामना पावसानें वाहून गेल्यामुळें ५ जानेवारी १९७१ रोजीं ऑस्ट्रेलिया व इंग्लंड ह्यांच्यामध्यें प्रत्येकीं ४० षटकांचा एक सामना खेळविण्यांत आला. षटक त्या काळीं तेथें आठ चेंडूंचें असे. भारतानें आपला पहिला सामना १३ जुलै १९७४ रोजीं लीड्स येथें अजित वाडेकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं खेळला व गमावला. पुढच्याच वर्षीं पहिल्या विश्वचषकांत इंग्लंडनें लॉर्ड्सच्या मैदानावर ६० षटकांत ३३४ धांवा केल्या. उत्तरादाखल सुनील गावसकर आरंभापासून अखेरपर्यंत नाबाद राहिले, परंतु १७४ चेंडूंत त्यांच्या धांवा झाल्या केवळ ३६. भारत २०२ धांवांनीं हरला. कसोटींत नाबाद राहणें हें भूषण. येथें चेंडू मोजून दिलेले. जो चेंडू रिकामा गेला, तो साऱ्या संघाच्या शिदोरींतून गेला. धांवांच्या जोडीस चेंडूंचा हिशेब आला, आणि विक्रमाचें माप बदललें.

झहीर खान किशोरवयांत श्रीरामपूर सोडून मुंबईस गेले. परंतु रणजी स्पर्धेंत त्यांचें नांव झालें तें बडोद्याकडून. ३ ऑक्टोबर २००० रोजीं नैरोबी येथें केनियाविरुद्ध ते पहिला एकदिवसीय सामना खेळले व त्यांनीं तीन गडी बाद केले. त्याच वर्षीं ८ डिसेंबरला जोधपूर येथें त्यांनीं झिंबाब्वेच्या हेन्री ओलोंगा ह्यांच्या गोलंदाजीवर लागोपाठ चार षट्कार मारले आणि ११ चेंडूंत नाबाद ३२ धांवा केल्या. ह्या चार षट्कारांची आठवण अनेकांस आहे. परंतु तो सामना झिंबाब्वेनें एक गडी राखून जिंकला, हें किती जणांस आठवतें?

ह्याहून मोठा धडा २३ मार्च २००३ चा. जोहान्सबर्ग येथें विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत झहीर खान ह्यांच्या पहिल्याच षटकांत १५ धांवा गेल्या, आणि सात षटकांत ६७. ऑस्ट्रेलियानें दोन गड्यांच्या मोबदल्यांत ३५९ धांवा केल्या व १२५ धांवांनीं विजय मिळविला. त्या स्पर्धेंत सचिन तेंडुलकर ह्यांनीं ६७३ धांवा करून नवा विक्रम स्थापन केला होता. चषक मात्र दुसऱ्याच्या हातीं गेला.

आठ वर्षांनीं, २ एप्रिल २०११ रोजीं, मुंबईच्या वानखेडे मैदानावर पुन्हां अंतिम सामना, आणि नवा चेंडू पुन्हां त्याच हातांत. ह्या वेळीं पहिल्या पांच षटकांपैकीं तीन निर्धांव गेलीं. सहा धांवांत एक गडी बाद झाला. अखेरच्या षटकांत श्रीलंकेच्या फलंदाजांनीं त्याची भरपाई केली आणि हिशेब १० षटकें, ६० धांवा, २ बळी असा झाला. विक्रमाच्या वहींत एवढेंच दिसतें. आरंभीच्या त्या तीन निर्धांव षटकांनीं संघास किती धीर दिला, तें वहींत दिसत नाहीं. ह्याच सामन्यांत महेला जयवर्धने ह्यांनीं नाबाद १०३ धांवा केल्या, त्यांची शतकांत नोंद झाली. गौतम गंभीर ९७ वर बाद झाले, त्यांची झाली नाहीं. पण सामना भारतानें सहा गडी राखून जिंकला. त्या स्पर्धेंत झहीर खान ह्यांनीं २१ बळी मिळवून शाहिद आफ्रिदी ह्यांच्या बरोबरीनें अग्रस्थान घेतलें. एकूण २०० एकदिवसीय सामन्यांत त्यांचे २८२ बळी आहेत. त्यांत आशियाच्या संघाकडून खेळलेले सहा सामनेही येतात.

अजिंक्य रहाणे ह्यांची कथा निराळी आहे. आश्वी खुर्द येथें जन्मलेले रहाणे डोंबिवलीस वाढले व मुंबईच्या क्रिकेटमध्यें घडले. ३ सप्टेंबर २०११ रोजीं चेस्टर-ली-स्ट्रीट येथें इंग्लंडविरुद्ध ते पहिला एकदिवसीय सामना खेळले. ९० सामन्यांत त्यांच्या २९६२ धांवा झाल्या. शतकें तीन, अर्धशतकें चोवीस. शतकें संख्येनें थोडीं. पण तीं कोठें झालीं तें पाहावें. २०१४ मध्यें बर्मिंगहॅम येथें १०६ धांवा केल्या, तो सामना भारतानें नऊ गडी राखून जिंकला. त्याच वर्षीं कटक येथें श्रीलंकेविरुद्ध १११ धांवा, आणि शिखर धवन ह्यांच्यासह सलामीची २३१ धांवांची भागीदारी. विजय १६९ धांवांनीं. २०१७ मध्यें पोर्ट ऑफ स्पेन येथें १०३ धांवा. विजय १०५ धांवांनीं. तिन्ही शतकें विजयाच्या पदरांत पडलीं.

असें असतांही ते ह्या खेळांतून मागें पडले. त्यांची गति शंभर चेंडूंस सुमारें ७९ धांवांची. रहाणे ह्यांनीं कटकला शतक केलें त्याच महिन्यांत रोहित शर्मा ह्यांनीं कोलकत्यास एकट्यानें २६४ धांवा केल्या. २०१७ मध्यें ऑस्ट्रेलियाविरुद्ध लागोपाठ चार सामन्यांत अर्धशतकें करूनही १६ फेब्रुवारी २०१८ चा सेंच्युरियनचा सामना त्यांचा अखेरचा एकदिवसीय सामना ठरला. त्यानंतर चारच महिन्यांनीं इंग्लंडनें नॉटिंगहॅम येथें ४८१ धांवांचा डोंगर रचला, आणि २०२२ मध्यें नेदरलँड्सविरुद्ध तोही ओलांडून ४९८ धांवा केल्या. रहाणे ह्यांचा खेळ उणा झाला नव्हता. खेळाचें घड्याळ पुढें सरकलें होतें.

विक्रम हे मोडण्यासाठींच असतात. झहीर खान ह्यांनीं विश्वचषकांत २३ सामन्यांत ४४ बळी मिळवून जवागल श्रीनाथ ह्यांची बरोबरी केली होती. २०२३ मध्यें मोहम्मद शमी ह्यांनीं दोघांसही मागें टाकलें, आणि तेंही वानखेडेवरच. तेथेंच १५ नोव्हेंबर २०२३ रोजीं विराट कोहली ह्यांनीं पन्नासावें शतक करून तेंडुलकरांचा ४९ शतकांचा विक्रम मोडला. त्या स्पर्धेंत सर्वाधिक ७६५ धांवा कोहलींच्या, सर्वाधिक २४ बळी शमींचे, आणि लागोपाठ दहा विजय संघाचे. तरी १९ नोव्हेंबरला अहमदाबाद येथें एका सामन्यांत चषक गेला.

म्हणून विक्रमाची वही वाचतांना दोन रकाने एकत्र वाचावे लागतात: एक खेळाडूच्या धांवांचा वा बळींचा, दुसरा संघाच्या जयापजयाचा. जोधपूरचे चार षट्कार पहिल्या रकान्यांत आहेत, वानखेडेवरील तीन निर्धांव षटकें दुसऱ्या रकान्याशीं बांधलेलीं आहेत. वहींत जन्मस्थानाचाही एक रकाना असतो. त्यांत श्रीरामपूर व आश्वी खुर्द हीं नांवें कायम राहतील. मात्र ज्या मैदानांवर हे दोघे घडले तीं मुंबईचीं व बडोद्याचीं होतीं. पुढचा झहीर वा अजिंक्य जिल्ह्यांतच घडावा, असें ज्यांस वाटतें, त्यांनीं विक्रमांच्या ह्या वहींतला जन्मस्थानाचा रकाना अभिमानानें वाचून थांबूं नये. त्यापुढें मैदानाचा रकाना कोरा कां आहे, हेंही विचारावें.