तोमात्सु, शोमेई

(१६ जानेवारी १९३०–१४ डिसेंबर २०१२). जपानी छायाचित्रकार. जन्म नागोया येथे. नागासाकीवरील अणुबाँबची झळ माणसांच्या देहावर आणि रोजच्या जगण्यावर किती वर्षे टिकून राहिली, याची त्यांनी केलेली नोंद छायाचित्रणाच्या इतिहासात मोलाची आहे. अमेरिकी ताब्याच्या काळात, १९५२ पर्यंत, बाँबहानीची छायाचित्रे जपानी जनतेपासून बव्हंशी दडवलेली होती. १९६१ मध्ये अण्वस्त्रविरोधी चळवळीच्या एका ग्रंथासाठी तोमात्सु नागासाकीला गेले. शहर तोवर पुन्हा उभे राहिले होते. जखमा घराघरांत होत्या. बाधितांच्या चेहऱ्यावरचे, मानेवरचे भाजल्याचे जाड वण त्यांनी जवळून टिपले. पण त्या माणसांना दयेचा विषय होऊ दिले नाही, हे त्यांचे मोठेपण.

वस्तूंची छायाचित्रे तितकीच अस्वस्थ करतात. ९ ऑगस्ट १९४५ रोजी ११ वाजून २ मिनिटांनी थांबलेले एक मनगटी घड्याळ. उष्णतेने वितळून पिळवटलेली एक बाटली : पहिल्या नजरेला ती कातडी सोललेल्या जनावरासारखी दिसते, आणि काच आहे हे कळल्यावरही तो भास जात नाही. घड्याळातील वेळच १९६६ च्या त्यांच्या नागासाकीवरील पुस्तकाचे शीर्षक झाली. काम संपले म्हणून ते थांबले नाहीत. बाधितांच्या भेटीसाठी ते पुनःपुन्हा नागासाकीला जात राहिले आणि पुढे काही वर्षे तेथेच राहिले. ओकिनावातील नाहा येथे त्यांचे निधन झाले.