प्रोजेक्टरला लॅपटॉप, सेट-टॉप बॉक्स आणि मोबाईल कसा जोडायचा?

मागच्या 26 जानेवारीला मी पारनेर तालुक्यात माझ्या गावी होतो. चौथीच्या मुलांनी गावातल्या विहिरींवर बनवलेला व्हिडिओ झेंडावंदनानंतर दाखवायचा होता. सगळे जमले, आणि पडद्यावर नुसतं ‘नो सिग्नल’! मी इंजिनिअर, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले. लॅपटॉपला फक्त एचडीएमआय होतं, जुन्या प्रोजेक्टरला फक्त व्हीजीए. मी आणलेल्या केबलला दोन्ही बाजूंच्या पिना होत्या, पण ती चालेना. शेवटी कुणीतरी घरून जुना लॅपटॉप आणला. तोपर्यंत मुलं जिलेबी घेऊन घरी गेली होती.

तुमच्यावर अशी वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

आधी सिग्नल ओळखा

व्हीजीए (1987) अ‍ॅनालॉग आहे, एचडीएमआय डिजिटल. साधी केबल सिग्नल फक्त वाहून नेते, बदलत नाही. मी इथेच फसलो. त्यासाठी आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, आणि तो एकाच दिशेने चालतो. लॅपटॉपला एचडीएमआय आणि प्रोजेक्टरला व्हीजीए असेल, तर दुकानात ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ असंच मागा. उलटा घेतला तर उपयोग नाही.

लॅपटॉप

1. केबल जोडा. व्हीजीएला 15 पिना असतात. जोर लावू नका, बाजूचे स्क्रू आवळा.
2. प्रोजेक्टरवर ‘सोर्स’ बटण दाबून योग्य इनपुट निवडा.
3. विंडोजमध्ये विंडोज बटण आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा.
4. तरीही चित्र नाही? रिझोल्यूशन 1024×768 करून बघा.

आवाज

व्हीजीएमधून आवाज जात नाही. लॅपटॉपच्या हेडफोनच्या जागेतून स्पीकरला वेगळी वायर द्या. एचडीएमआय असेल तर आवाज प्रोजेक्टरकडे जातो आणि बाहेरचा स्पीकर गप्प बसतो. तेव्हा लॅपटॉपच्या साउंड सेटिंगमध्ये आउटपुट बदला.

सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेअर

पिवळी पिन चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. सेट-टॉप बॉक्सच्या एचडीएमआयला कन्व्हर्टर लावल्यावर पडदा काळा राहिला, तर कारण बहुतेक एचडीसीपी हे कॉपी-संरक्षण असतं. पिवळी पिन वापरा. चित्र थोडं पुसट येईल, पण येईल.

मोबाईल

टाइप-सी दिसलं म्हणजे व्हिडिओ बाहेर येईलच असं नाही. त्यासाठी फोनमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ लागतो आणि बऱ्याच स्वस्त फोनमध्ये तो नसतो. सरळ व्हिडिओ लॅपटॉपवर कॉपी करून घ्या.

लाईट गेली तर?

बल्बच्या प्रोजेक्टरमध्ये बंद केल्यावरही पंखा काही वेळ फिरून बल्ब थंड करतो. मध्येच लाईट गेली की ते होत नाही. यूपीएस असेल तर लावा. नसेल तर लाईट आल्यावर लगेच चालू करू नका, थोडं थंड होऊ द्या. कार्यक्रम संपल्यावरही आधी रिमोटने बंद करा. पंखा थांबला की मगच प्लग काढा.

शेवटचं: आदल्या दिवशी तोच लॅपटॉप, तीच केबल, तोच स्पीकर आणि तीच फाईल लावून व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. केबलसाठी ऐनवेळी नगरला पळायचं म्हटलं तर कार्यक्रम संपून जातो, आणि ज्यांनी व्हिडिओ बनवला तीच मुलं तो बघायला उरत नाहीत.