अडकणारी बटणे : जुन्या सुट्या भागांचा डॅशबोर्ड आणि किनाऱ्यावरची खारी हवा

जुन्या मोटारींचा शौक महाराष्ट्राला नवा नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीची अखेरची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. मात्र हौशी मंडळींच्या दारात पद्मिनी, जीप आणि अॅम्बॅसॅडर अजूनही उभ्या आहेत. अशा मोटारींना मनाजोगता डॅशबोर्ड करून घेताना भंगारातील यंत्रांची, लिफ्टची किंवा अन्य गाड्यांची दणकट बटणे पुन्हा वापरली जातात. ती दिसतात देखणी. पण अलिबाग, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन या पट्ट्यात एक-दोन पावसाळे गेले की अडकू लागतात. दाबलेले बटण बाहेर येत नाही किंवा बाहेर येऊनही दिवा विझत नाही.

हा दोष केवळ गैरसोयीचा नाही. सेल्फचे बटण आत अडकले तर इंजिन सुरू झाल्यावरही सेल्फची मोटर फिरत राहते, तापते आणि जळू शकते. म्हणूनच तेलाचा थेंब सोडून वेळ मारून नेण्यापेक्षा दोष नेमका कोठे आहे, हे आधी शोधणे आवश्यक ठरते.

खारी हवा काय करते?

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी शोषून ओले होते. कोकणच्या पावसाळ्यात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. बटणाच्या फटीत बसलेल्या मिठाचा अशा वेळी खारट थर होतो. स्प्रिंग गंजते, तांब्या-पितळेच्या पट्ट्यांवर हिरवा कळंक चढतो आणि जुने ग्रीस धूळ धरून चिकट होते. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाल्यापासून मोटारी बोटीवरून थेट खाडीपलीकडे येतात. वाळूच्या किनाऱ्यावर गाडी उतरवण्याचा मोह तर जुनाच आहे. दोन्हींमुळे गाडीचा खाऱ्या हवेशी संबंध वाढतो.

दोष बटणात की फळीत?

प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, तारांचे छायाचित्र काढून ठेवावे आणि बटण डॅशबोर्डातून बाहेर काढावे. हातात धरून ते दहा-वीस वेळा दाबून पाहावे. बाहेर मोकळे चालणारे बटण जागेवर बसवताच अडकत असेल, तर दोष भोकाचा आहे. सागवान किंवा प्लायवूडचा डॅशबोर्ड पावसाळ्यात फुगतो आणि भोक आवळते. त्यामुळे जुलैत अडकणारे बटण जानेवारीत सुरळीत चालते. नट गरजेपेक्षा जास्त आवळल्यानेही बटणाचे प्लास्टिकचे अंग पिळवटते. भोक कानशीने किंचित मोठे करावे, कडेला वॉर्निश लावून ती पूर्ण वाळू द्यावी आणि नट हातानेच आवळावा.

बाहेरही अडकणारे बटण असेल तर त्याचा प्रकार पाहावा. हॉर्न व सेल्फची बटणे दाबून धरेपर्यंतच चालतात. त्यांत बहुधा स्प्रिंग गंजलेली किंवा मार्गात मळ साचलेला असतो. एकदा दाबल्यावर आत राहणाऱ्या आणि पुन्हा दाबल्यावर बाहेर येणाऱ्या बटणात तारेची बारीक पिन हृदयाच्या आकाराच्या खाचेतून फिरते. त्या खाचेत वाळूचा एक कण गेला तरी पिन मध्येच थबकते.

बटण बाहेर येते. पण दिवा चालूच राहतो, असे असेल तर मल्टिमीटरने तपासावे. सोडलेल्या स्थितीतही दोन टोकांत जोड दाखवला जात असेल, तर ठिणगीमुळे आतील संपर्कबिंदू एकमेकांना चिकटले आहेत. असे बटण दुरुस्त न करता टाकून द्यावे. बटण निर्दोष असेल तर रिले तपासावा. त्याचेही संपर्कबिंदू असेच चिकटतात.

सफाईचा क्रम

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत वापरला जाणारा आयसोप्रोपिल अल्कोहोल मळ आणि जुने ग्रीस काढतो. परंतु मीठ त्यात जवळपास विरघळत नाही. किनाऱ्यावरील बटणांची सफाई अनेकदा अपुरी ठरते ती यामुळेच. बटण आधी बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने धुवावे, झटकावे आणि मग अल्कोहोलने धुवावे. अल्कोहोल उरलेले पाणीही सोबत घेऊन जाते. नंतर ते सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळू द्यावे. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने हे काम मोकळ्या हवेत व विस्तवापासून दूर करावे.

पेट्रोल आणि थिनर टाळावेत. अनेक प्रकारचे प्लास्टिक त्यांनी मऊ पडते किंवा तडकते. संपर्कबिंदूंवर पॉलिश पेपर घासू नये. त्यावरील चांदीचा पातळ मुलामा निघून जातो. गंज सोडवणारा फवारा तात्पुरता उपयोगी वाटतो. पण मागे राहणारा तेलकट थर पुन्हा धूळ धरतो. सरकणाऱ्या प्लास्टिकच्या भागाला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात पुरेसा असतो. संपर्कबिंदूंना ते लागू देऊ नये.

भार रिलेवर द्यावा

स्वच्छ केलेले बटण पुन्हा अडकण्यामागे पुष्कळदा विजेचा भार असतो. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. लिफ्टच्या किंवा यंत्राच्या बटणावर लिहिलेली क्षमता अनेकदा एसी प्रवाहासाठीची असते. आपल्याकडील एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते. मोटारीतील डीसी प्रवाहात ती अधिक काळ टिकते. संपर्कबिंदू तापतात, शेजारचे प्लास्टिक मऊ पडते आणि बटण अडकते. दिव्यांचा भार रिलेवर सोपवल्यास बटणातून केवळ ०.१५ ते ०.२ अँपिअर प्रवाह जातो. रिलेच्या कॉइलला समांतर एक डायोड जोडावा, त्याची पट्टीची बाजू धन टोकाकडे ठेवावी आणि प्रत्येक दिव्याच्या मार्गावर योग्य क्षमतेचा फ्यूज बसवावा.

कोणती बटणे पुन्हा वापरू नयेत?

प्लास्टिक वितळल्याची खूण असलेले, जळका वास येणारे किंवा सफाईनंतरही सोडताच पूर्ण बाहेर न येणारे बटण सेल्फ, हॉर्न वा हेडलाइटसाठी वापरू नये. ही कामे नव्या, मोटारीसाठीच बनवलेल्या बटणांकडे द्यावीत. जुनी बटणे पंखा, आतील दिवा अशा दुय्यम कामांना शोभतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा अधोरेखित केली. त्यामुळे डॅशबोर्डापलीकडचे मोठे फेरफार करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करणे हिताचे.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, प्रत्येक बटण एकदा दाबून पाहावे. बटणावर रबरी टोपी बसवणे, तारांची जोडणी मागून झाकणे आणि समुद्रकाठच्या फेरीनंतर ओल्या फडक्याने मीठ पुसून कोरडे करणे, या साध्या उपायांनी पुढच्या पावसाळ्यातली बरीच दुरुस्ती टळते.