३०० एसएल रोडस्टर : दुर्मीळ गाडी, सर्वदूर पोहोचलेली कल्पना

मार्च १९५७ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझने ३०० एसएल रोडस्टर मांडली. १९६३ पर्यंत अशा अवघ्या १,८५८ गाड्या तयार झाल्या. आज त्या संग्राहकांकडे रत्नांसारख्या जपल्या जातात. विज्ञानाच्या विद्यार्थ्यासाठी मात्र या गाडीचे महत्त्व तिच्या किमतीत नाही. ते तिच्या इंजिनात आणि सांगाड्यात आहे.

या इंजिनाचा इतिहास आकाशात सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानात दाइम्लर-बेंझचे डीबी ६०१ इंजिन होते. त्यात पेट्रोल कार्ब्युरेटरमधून न जाता पंपाच्या दाबाने थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. ब्रिटिशांच्या स्पिटफायरमधील मर्लिन इंजिनाला तरंगत्या गोळ्याचा कार्ब्युरेटर होता. वैमानिकाने विमानाचे नाक एकदम खाली दाबले की कार्ब्युरेटरमधील इंधन वर उसळे आणि इंजिन क्षणभर अडखळे. जर्मन वैमानिक नेमकी हीच युक्ती वापरून निसटत. १९४१ मध्ये बिअट्रिस शिलिंग या ब्रिटिश अभियंत्रीने इंधनाचा प्रवाह मर्यादित करणारी एक लहानशी चकती बसवून ही अडचण बरीच सौम्य केली. जर्मन इंजिनांचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता येत नाही : युद्धकाळात दाइम्लर-बेंझच्या कारखान्यांत सक्तीने आणलेले मजूर राबत होते.

युद्धानंतर जर्मनीत विमाननिर्मितीवर बंदी आली आणि हे ज्ञान मोटारींकडे वळले. हान्स शेरेनबर्ग या अभियंत्याने आधी गुटब्रोड कंपनीच्या छोट्या टू-स्ट्रोक गाडीत थेट फवारणी आणली. पुढे ते दाइम्लर-बेंझमध्ये परतले. तोवर तेथे रुडॉल्फ ऊलेनहाउट यांच्या मार्गदर्शनाखाली १९५२ ची ३०० एसएल शर्यतगाडी तयार झाली होती. कार्ब्युरेटरवर चालणारी ही गाडी त्याच वर्षी ल माँची शर्यत जिंकली. तिचे इंजिन घरगुती प्रवासी गाडीतून घेतलेले होते, म्हणून वजन वाचवणे भाग होते. ऊलेनहाउट यांनी बारीक पोलादी नळ्यांच्या त्रिकोणांचा सांगाडा रचला. त्रिकोणाचा आकार त्याच्या बाजूंची लांबी न बदलता बदलत नाही. त्यामुळे नळ्यांवर मुख्यतः ताण किंवा दाब येतो, वाकवणारे बल फारसे येत नाही. कमी धातूत अधिक कणखरपणा मिळतो तो यामुळेच.

परंतु हा सांगाडा बाजूंनी इतका उंच होता की नेहमीसारखे दार बसवायला जागाच उरली नाही. दारे छतातून वर उघडू लागली, ती या अडचणीपोटी. न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांच्या आग्रहाने १९५४ मध्ये रस्त्यावरची ३०० एसएल आली, तेव्हा लोकांना मोह पडला तो या पंखांसारख्या दारांचाच. बॉनेट बुटके राहावे म्हणून तिचे सहा सिलिंडरांचे २,९९६ घन सेंटिमीटरचे इंजिन एका बाजूला कलते बसवले होते. त्यात बॉशच्या यांत्रिक पंपाने थेट फवारणी होई. चार-स्ट्रोक इंजिनाच्या उत्पादित मोटारीत हे प्रथमच घडत होते. फवारलेले पेट्रोल सिलिंडरमध्येच बाष्परूप होताना उष्णता शोषून घेते, आतील हवा थंड होते आणि अकाली स्फोटाचा धोका घटतो. सुमारे २१५ अश्वशक्तीचे हे इंजिन आपल्या शर्यतीतल्या पूर्वजापेक्षाही बलवान ठरले.

रोडस्टरसाठी छत काढायचे म्हणजे वर उघडणारी दारेही गेली. सांगाड्याच्या बाजू खाली आणून, इतरत्र मजबुती देऊन, नेहमीची दारे बसवावी लागली, वजन वाढले. आधीच्या गाडीची मागची चाके वळणावर अचानक ॲक्सिलरेटर सोडल्यास दगा देत. रोडस्टरमध्ये मागच्या आसाचा सांधा खाली घेऊन जोडीला भरपाईची आडवी स्प्रिंग दिली आणि हा दोष बराच कमी झाला. डिस्क ब्रेक मात्र १९६१ मध्ये आले.

एक उणीव राहिलीच. प्रज्वलन बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत यांत्रिक पंप पेट्रोल ढकलत राही. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचा तेलाचा थर धुऊन खाली उतरे आणि वंगण पातळ करी. दूरच्या प्रवासात तेल तापून ते उडून जाई. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत साचत जाई. शर्यतीसाठी घडलेले यंत्र बाजारहाटाला नेण्याची ही किंमत होती.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आल्यावर फवारणीची वेळ आणि मात्रा अचूक साधू लागली आणि आज थेट फवारणी सामान्य पेट्रोल गाड्यांतही आहे, भारतातील रस्त्यांवरही. तिने नवा प्रश्नही आणला : नीट न मिसळलेल्या इंधनातून निघणारे सूक्ष्मकण. म्हणूनच एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांत अशा इंजिनांच्या कणांच्या संख्येवरही मर्यादा आहे. १,८५८ गाड्या दुर्मीळच राहतील. त्यांच्यातली कल्पना मात्र कधीच सर्वांची झाली आहे, आपल्या गुणदोषांसह.