कातारीना द ओर्ता : एका ग्रंथकाराची बहीण

रत्नागिरीच्या मुलांना रातांबा शिकवावा लागत नाही. फळ फोडायचे, बी काढायचे, साली रसात भिजवून पुन्हा पुन्हा उन्हात वाळवायच्या, की आमसुले तयार. या फळाची नोंद १५६३ साली गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज ग्रंथात सापडते. आंबा, फणस, नारळ, बोर, हिंग, अफू, धोतरा यांचीही माहिती त्यात आहे. ग्रंथकर्ता होता वैद्य गार्सिया द ओर्ता. कोकमाचे शास्त्रीय नाव 'गार्सिनिया इंडिका' त्याच्यावरूनच पडले, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. प्रत्यक्षात 'गार्सिनिया' हे नाव लिनिअसने लॉरां गार्सां या दुसऱ्याच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ दिले आहे.

ओर्ताचे नाव विज्ञानाच्या इतिहासात येते. त्याच्या बहिणीचे, कातारीनाचे, सहसा येत नाही. परंतु तिची हकीकत समजल्याशिवाय त्याचीही पुरती समजत नाही, म्हणून आज तिची आठवण करू.

कातारीनाचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ साली स्पेनने ज्यूंना देशाबाहेर घालवले, तेव्हा ते सरहद्द ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. तेथेही निवांतपणा मिळाला नाही. १४९७ साली पोर्तुगालमधील ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. अशा कुटुंबांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत. ते घरात गुपचूप जुना धर्म पाळतात असा संशय त्यांच्यावर कायम असे. हा संशय तपासण्यासाठी १५३६ साली पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारे न्यायालय, स्थापन झाले.

गार्सिया त्याआधीच, १५३४ साली, मार्तिम अफोन्सो द सौझा याचा वैद्य म्हणून गोव्याला निघून आला होता. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याच्याकडून उपचार घेई. पुढे मुंबई बेटही त्याच्याकडे खंडाने होते. मागे राहिलेली आई आणि दोघी बहिणी मात्र लिस्बनमध्ये पकडल्या गेल्या. सुटका झाल्यावर १५४९ साली त्या गोव्यात पोहोचल्या. निर्वासितांच्या पोटी आलेली कातारीना अशा रीतीने स्वतःही निर्वासित झाली. आईवडिलांनी एक सरहद्द ओलांडली होती. लेकीला महासागर ओलांडावा लागला.

हे अंतरही अपुरेच ठरले. १५६० साली गोव्यातही इन्क्विझिशन आले. हिंदू आणि धर्मांतरित स्थानिक लोकांनाही त्याची झळ पुढे दीर्घकाळ सोसावी लागली. अशा दिवसांत, १५६३ साली, गार्सियाचा ग्रंथ छापून झाला. त्याची मांडणी संवादरूप आहे. युरोपातून आलेला रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो. प्राचीन ग्रीक आचार्यांचे म्हणणे प्रत्यक्ष पाहिलेल्या वनस्पतीशी जुळत नसेल, तर ओर्ता तसे स्पष्ट सांगतो. त्या काळी हे धाडस होते. १५६७ साली क्लुसिअसने ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पमध्ये प्रसिद्ध केला आणि युरोपातील अभ्यासकांना भारतीय औषधींची ओळख झाली.

पुढच्याच वर्षी गार्सिया वारला. त्याच वर्षी कातारीनाला अटक झाली. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी, ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून, तिला गोव्यात जाळण्यात आले. भावाचे ज्ञान युरोपभर वाचले जाऊ लागले होते, आणि बहिणीला तिच्या श्रद्धेसाठी प्राण द्यावे लागले. १५८० साली गार्सियालाही मरणोत्तर दोषी ठरवले गेले आणि त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या.

हे आपल्याला कळले कसे? त्या चौकशीच्याच कागदपत्रांवरून. पोर्तुगालमधील डॉ. ऑगुस्तो द सिल्वा कार्व्हाल्यो यांनी त्यांवर आधारलेला अभ्यास १९३४ साली प्रसिद्ध केला. गार्सिया खाजगीत मोझेसचा धर्मच खरा मानत असे, हे त्याच्या मेहुण्याच्या जबानीत आहे. ज्या दप्तराने कातारीनाला संपवले, त्याच दप्तराने तिचे नाव राखले.

येथे आपण शिक्षकांनी थोडे थांबायला हवे. कैदेत, भीतीपोटी दिलेली जबानी कितपत खरी मानावी? ती फेकून देता येत नाही, कारण दुसरे साधन फारसे नाही. ती जशीच्या तशी स्वीकारताही येत नाही. कोणी विचारले, का विचारले, उत्तर देणाऱ्याला कसले भय होते, हे पाहूनच ती वाचावी लागते. जुन्या आचार्यांचे वचन ओर्ता झाडासमोर उभे राहून तपासत असे. इतिहासाच्या साधनांनाही आपण तीच शिस्त लावली पाहिजे.

इयत्ता नववी-दहावीच्या वर्गात एक करून पाहता येईल. फळ्यावर १४९२ ते १५८० अशी कालरेषा काढावी. वरच्या बाजूला ग्रंथाच्या घटना आणि खालच्या बाजूला कुटुंबाच्या घटना लिहाव्यात. १५६७, १५६८ आणि १५६९ ही तीन वर्षे एकाशेजारी एक आली, की मुले आपणहून प्रश्न विचारू लागतील. पणजीतील जुन्या सार्वजनिक बागेला गार्सिया द ओर्ताचे नाव आहे. सहल तेथे गेली, तर भावाबरोबर बहिणीचीही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.